काठोकाठ भरलेला कॅन

ये गं वैशाली, इकडे ये. दारात काय उभी राहतेस पाहुणीसारखी? बस अशी जवळ. आणि मान खाली घालून ओढणीच्या टोकाला गाठी मारत बसू नकोस, मला ती तुझी जुनी सवय माहीत आहे. सात महिने झाले, तुझी डबी आलेली नाही. फोन केला की म्हणतेस, "मावशी, मी एकदम बरी आहे, मशीनवर बसलेय, नंतर करते." तुझं ते नंतर अजून उजाडायचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर तू अंगठा पाठवलास. मी मागते लघवी आणि तू पाठवतेस अंगठा. त्याची तपासणी कशी करू?

म्हणून शेवटी हा रस्ता काढला. या दिवाळी अंकाच्या संपादकबाई कधीपासून मागे लागल्या होत्या, लॅबमधल्या आठवणी लिहा म्हणून. मी टाळत होते. दहावीला गणितात गचकलेली बाई मी, लिहू काय? मग एकदम आठवलं, तुझ्या सासूबाई हा अंक दरवर्षी घेतात आणि पहिल्या जाहिरातीपासून शेवटच्या राशिभविष्यापर्यंत मोठ्याने वाचतात. कैलासला, तुला, पीठ मागायला आलेल्या शेजारणीला, कुणालाही. फोन तू कट करशील. सासूबाई कशा कट करशील?

बाकी वाचकांसाठी सांगते, वैशाली हे तिचं खरं नाव नाही. कैलासही नाही. लिहायची परवानगी सासूबाईंनी दिली आहे. हिची घ्यायची तर आधी हिने फोनवर दोन मिनिटं थांबायला हवं.

तर माझं काम. नाशिकच्या एका लॅबमध्ये मी बत्तीस वर्षं काढली. रक्त, लघवी, थुंकी तपासायची लॅब. गेले ते बाटल्या धुवायला. तेव्हा काचेच्या बाटल्या असायच्या, धुऊन परत वापरायच्या. बाटल्या धुता धुता बाटल्यांवरची नावं वाचायला लागले, मग खोक्यांवरचं इंग्रजी, मग डॉक्टर चहाला गेले की हळूच मायक्रोस्कोपला डोळा लावायला लागले. एकदा डॉक्टरांनी पकडलं. वाटलं, आता हाकलणार. ते म्हणाले, "काय दिसलं?" मी म्हटलं, "साबुदाणा." ते म्हणाले, "त्याला पू म्हणतात. बसा, दाखवतो." अशी मी शिकले. सर्टिफिकेट नाही, म्हणून रिपोर्टवर सही कधीच माझी नव्हती. सही त्यांची, शंका माझी. आमचं जमायचं.

लघवी तपासणाऱ्या बाईला माणसं कशी दिसतात ते मला विचारा. आता प्लॅस्टिकच्या पांढऱ्या डब्या मिळतात, तेव्हा लोक घरून काहीही आणायचे. अत्तराच्या बाटलीत आणायचे, लॅबभर गुलाब. लोणच्याच्या बरणीत आणायचे, खाली मोहरी. एका गृहस्थांची साखर भयंकर निघाली, बायको रडायला लागली, मुलं गोळा झाली. मी बाटली उलटी करून बुडाचं लेबल वाचलं तर खोकल्याचं औषध. न धुता आणली होती. एक निवृत्त हेडमास्तर होते. डबीवर नाव, पत्ता, पिनकोड आणि खाली "सप्रेम" लिहून आणायचे. मी विचारलं, "सर, सप्रेम कशाला?" तर म्हणाले, "कुणाला काही द्यायचं तर कोरडं कसं द्यायचं?" तेव्हा मी हसले. पुढे तुझ्या सासूबाई भेटल्यावर हसू आवरून विचार करायला लागले.

तू पहिल्यांदा आलीस ती नुसतं हिमोग्लोबिन करायला. चोवीस वर्षांची, कळवणहून सकाळच्या एसटीने, एका बाजूला कैलास, दुसऱ्या बाजूला माई. (तुझ्या सासूबाईंना मी पहिल्या दिवसापासून माई म्हणते, त्या मला बाई म्हणतात.) तू ब्लाउज शिवायचीस, पण सांधे इतके दुखायचे की कात्री धरवत नव्हती. गालांवर दोन्हीकडे लाली, नाकाच्या दांडीवरून इकडून तिकडे गेलेली, उन्हाने करपल्यासारखी. मी सुई घेताना विचारलं, "चेहऱ्याला काय झालं?" तुझ्याआधी माईच बोलल्या, "ऑनलाइनचं क्रीम लावती. म्या म्हणलं व्हतं."

रक्त घेतलं. पापण्या सुजलेल्या मला दिसल्या. घोट्यावर मोज्याच्या इलॅस्टिकचा खड्डा पडला होता, तो दिसला. अंगठी बोटात रुतली होती, तीही दिसली. आणि मी काही बोलले नाही. चिठ्ठीवर फक्त हिमोग्लोबिन लिहिलं होतं. आपलं काम सुईचं, सल्ल्याचं नाही, असं तेव्हा मी स्वतःला बजावत असे. हिमोग्लोबिन कमी आलं, तू लोहाच्या गोळ्या घेऊन गेलीस, ते तीन महिन्यांनीच परत आलीस. ते तीन महिने माझ्या नावावर आहेत. अजून आहेत. म्हणून तुला इतका फोन करते, कळलं?

दुसऱ्यांदा आलीस तेव्हा पाय हंड्यासारखे झालेले. आता चिठ्ठीवर लघवीही होती. तू डबी दिलीस, मी हलवली, आणि फेस आला. बसेना. साधा फेस बसतो, हा ताज्या दुधावरच्यासारखा तसाच उभा. रंग बदलणाऱ्या चौकोनांची तपासणी पट्टी बुडवली तर प्रथिनांचा पिवळा चौकोन हिरवागार झाला. मग नळीत घालून मशीनमध्ये गरगर फिरवली, तळाचा थेंब काचेवर घेऊन पाहिला. लाल पेशी होत्या. त्याहून वाईट म्हणजे लाल पेशींचे साचे होते. आपण कुल्फी साच्यातून काढतो तेव्हा तिला साच्याचा आकार असतो ना, तसे किडनीतल्या बारीक नळ्यांच्या आकाराचे लालसर तुकडे. तसे दिसले की समजायचं, रक्त मूत्राशयातून किंवा खालून कुठून येत नाही, थेट किडनीच्या चाळणीतून गळतंय.

मी डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसला. चष्मा दोनदा पुसला की समजायचं. त्यांनी चिठ्ठी देणाऱ्या तुझ्या मोठ्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि पुढच्या तपासण्यांची यादी आली. यादीत आधी रक्ताच्या. स्वतःच्याच पेशीच्या गाभ्याविरुद्ध शरीराने अँटीबॉडी केल्यात का ते पाहायचं. चार दिवसांनी त्या आल्या. केल्या होत्या, आणि भरपूर. आजाराचं नाव ल्युपस.

नाव ऐकून माईंनी विचारलं, "कुणाकडून लागला?" मी म्हटलं, "कुणाकडून नाही, माई. हा लागत नाही, हा घरातच उठतो." त्या म्हणाल्या, "मंग भावकीसारखा." याहून चांगली व्याख्या मी नंतरही ऐकली नाही.

पण समजावून तर सांगायला हवं होतं. मोठ्या डॉक्टरांकडे तेवढा वेळ नसतो, म्हणून मी तुम्हा तिघांना आमच्या मोरीपाशी नेलं. आठवतं? डॉक्टर म्हणाले, "कुठे निघालात?" मी म्हटलं, "किडनी दाखवायला."

ते मोरीचं इथे पुन्हा लिहिते, कारण तू विसरलीस असं दिसतंय. मी बाटल्या धुवायचे तेव्हा प्रत्येक बाटलीवर चिकटवलेलं लेबल असायचं. अँटीबॉडी म्हणजे तसंच लेबल. बाहेरचा जंतू घरात शिरला की शरीर त्याच्यावर लेबल मारतं, "हे परकं, टाकून द्या." मग टाकणारे येतात आणि टाकतात. झकास व्यवस्था. ल्युपसमध्ये या लेबलवाल्याचं डोकं फिरतं. तो घरच्याच वस्तूंवर लेबलं मारत सुटतो. रोज आपल्या लाखो पेशी जुन्या होऊन मरतात, त्यांच्या गाभ्याचे तुकडे रक्तात येतात, एरवी ते झाडून निघतात. हा त्या तुकड्यांवर लेबलं मारतो. लेबल आणि तुकडा, लेबल आणि तुकडा, असे चिकट गोळे होतात आणि रक्ताबरोबर फिरत फिरत येतात मोरीच्या जाळीपाशी. ती जाळी म्हणजे किडनीची चाळणी. तिथे अडकतात. काही लेबलं तर थेट जाळीलाच चिकटतात. माझ्या मोरीत असंच व्हायचं, भिजलेली लेबलं आणि डिंकाचा लगदा जाळीवर बसायचा.

पण एक ऐका, नुसत्या लगद्याने मोरी मोडत नाही. मोरी मोडली ती प्लंबरने. आमच्याकडे एक प्लंबर यायचा, त्याला लगदा काढ म्हटलं तर त्याने लोखंडी सळई घातली आणि जाळीच फोडली. लगदा गेला, जाळीही गेली. शरीरातही तसंच असतं. चिकटलेलं लेबल पाहिलं की आत घंटा वाजते आणि प्लंबर धावत येतात. रक्तात काही प्रथिनं असतात, सी-थ्री, सी-फोर अशी त्यांची नावं, ती आधी, मग पांढऱ्या पेशी. सगळे मिळून जाळीवर सळया चालवतात. जाळीला भोकं पडली की जे अंगात राहायचं ते प्रथिन लघवीत जातं, म्हणून फेस. लाल पेशी निसटतात, म्हणून साचे. अंगात पाणी साचतं, म्हणून पाय सुजतात. आणि रक्तात सी-थ्री, सी-फोर मोजले तर कमी सापडतात, कारण सगळे प्लंबर कामावर गेलेले, ऑफिसात कोण राहणार? तुझे दोन्ही कमी होते.

कैलासने तेव्हा विचारलं होतं, "मग तिला किडनीत दुखत कसं नाही?" हाच तर घोटाळा आहे. मोरीची जाळी फुटल्यावर मोरी ओरडते का? पाणी बिनबोभाट वाहून जातं. उलट बरं वाटतं, तुंबलेलं मोकळं झालं म्हणून.

आता कॅन.

यादीत शेवटी होतं, चोवीस तासांची लघवी. दिवसभरात नक्की किती प्रथिन गळतंय आणि किडनी किती काम करतेय ते मोजायचं असतं. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून पुढे दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली, सगळी एकाच कॅनमध्ये. आमच्याकडचे दोन लिटरचे कॅन संपले होते, म्हणून मी पाच लिटरचा दिला. इथे माझी पहिली चूक. हे सगळं मी समजावलं कैलासला, कारण वही-पेन त्याच्याकडे होतं. ही दुसरी. कैलासने नीट लिहून घेतलं, तारीख घातली, आणि वही एसटीत विसरला.

दोन दिवसांनी तुम्ही आलात. कैलासच्या खांद्यावर कॅन, लग्नाच्या वऱ्हाडातल्या फेट्यासारखा मानाने आणलेला. माईंचा चेहरा समाधानी. "घ्या बाई. येक थेंब सांडला नाय." कॅन गळ्यापर्यंत भरलेला. बरोबर पाच लिटर. बूच लावायला जागा नाही, वर प्लॅस्टिकची पिशवी घालून रबराने बांधलेलं.

मी उचलायला गेले आणि पाठीत कळ आली. तेव्हाच मनात आलं, जिच्या पायात एवढं पाणी साचलंय ती पोरगी दिवसात पाच लिटर पाणी बाहेर कशी टाकेल?

पट्टी बुडवली. प्रथिनांचा रंग जेमतेम. आधीच्या तपासणीत हिरवागार होता. आणि साखरेचा चौकोन रंगला. तुझ्या डबीत साखरेचा कणही नव्हता. मशीनवर लावलं. क्रिएटिनिन नावाचा एक पदार्थ असतो, स्नायूंच्या वापरातून तयार होतो. ज्याच्या अंगावर जेवढं मांस तेवढं त्याचं रोजचं क्रिएटिनिन, जवळपास ठरलेलं. तू तेव्हा वजनाला पंचेचाळीस किलो. कॅनमधल्या आकड्यावरून पाहिलं तर पेशंट अडीच पैलवान होता. त्यावरून किडनीच्या कामाचा हिशेब काढला असता तर कागदावर तुझी किडनी अख्ख्या नाशिक जिल्ह्यात पहिली आली असती. आणि मोठ्या डॉक्टरांनी त्या कागदावर विश्वास ठेवला असता तर? ते वाट पाहू म्हणाले असते, आणि प्लंबर तर वाट पाहत नाहीत.

मी बाहेर आले. तुम्ही तिघं बाकड्यावर.

"माई," मी म्हटलं, "कॅन कुणी भरला?"

"म्हंजे? हिनंच."

"एकटीने?"

माईंनी कैलासकडे पाहिलं. कैलासने पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"आता काय सांगू बाई," माई म्हणाल्या, "संध्याकाळपोत्तर बघितलं तर कॅनच्या बुडाला चार बोटं. दुसऱ्या दिशी बी तसंच. येवढा मोठा कॅन डागदरनी भरवशानं दिला, आन् त्यो असा खळखळ वाजवत न्यायचा व्हय? लोक काय म्हनतील? शेजारनीची वाटी आली तर आपन चिमूटभर साखर टाकून परत देतो. रिकामं भांडं कुनी धाडतं का?"

"मग काय केलंत?"

"काय करनार. भरला." आणि माझा चेहरा बघून घाईने, "घरातलंच हाय सगळं. भाईरच्या कुनाचं नाय घेतलं."

"घरातलं म्हणजे कुणाकुणाचं?"

"माजं. ह्याचं. आन् माजा भाऊ आलता पाव्हना, त्याचं थोडंसंच."

"त्यांना शुगर आहे का?"

"हाय की. गोळ्या चालू हायेत. तुमाला कसं कळलं?"

तू ओढणीत तोंड खुपसलंस. मला वाटलं, रडतेस. जवळ येऊन बघते तर हसतेस, आणि हसता हसता रडतेस. "मला खरंच माहीत नव्हतं, मावशी. मला वाटलं, माझीच जास्त झाली." कैलास म्हणाला, "आईनं सांगितलं, तेवढाच वैशालीला हातभार." आतून डॉक्टर सगळं ऐकत होते. ते बाहेर आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "रिपोर्ट चौघांच्या नावे काढू की कुटुंबप्रमुखांच्या?" माई म्हणाल्या, "माज्या नावे नको, मला काय बी झालं नाय."

मी हसले असते, पण हसायला वेळ नव्हता. पुन्हा गोळा करायला तुम्ही कळवणला गेला असतात तर पुन्हा कोण पाहुणा येतो कुणास ठाऊक. म्हणून मी म्हटलं, चला माझ्या घरी, इंदिरानगरला. कॅन माझ्या बाथरूममध्ये, पहारा माझा. कैलासला परत पाठवला, आणि त्याला स्पष्ट सांगितलं की तू इथे लागणार नाहीस.

तो दिवस मी विसरायची नाही. माई बाथरूमबाहेर स्टूल टाकून बसल्या, कारण आता त्यांना वाटत होतं की माझ्याच घरातलं कुणी येऊन मिसळेल. माझे मिस्टर दुपारी आंघोळीला निघाले तर त्यांना अडवलं. "दादा, कॅन आत हाय. तुमी भाईर कुटं तरी बगा." बिचारे भाचीकडे जाऊन आंघोळ करून आले.

चार वाजता तू झोपली होतीस. मी चहा टाकला आणि माई स्टूल सोडून ओट्यापाशी आल्या. शेंगा सोलायला घेतल्या. कळवणहून आणलेल्या. हात चालू, नजर खाली. मग म्हणाल्या, "बाई, वाचंल ना?"

मी म्हटलं, "वाचेल. पण किडनी वाचवायची आहे ना, त्यासाठी हा खटाटोप. खरा आकडा कळला तरच औषध बरोबर पडेल."

"भावकीतल्या बाया म्हंत्यात, म्हायेरी धाडून द्या. तितं करू दे दवापानी. दोन वर्सात पोर नाय, आन् आता ह्ये." त्यांनी एक शेंग दोनदा सोलली, टरफलं पुन्हा ताटात टाकली. "भरल्या अंगाची आनली व्हती ओ. हिच्या बापानं हातात हात दिला माज्या. आता अशी अर्धी करून परत धाडू? मला न्हाई जमायचं."

चहात साखर घातली की नाही मला आठवेना, म्हणून पुन्हा घातली. दोघी तसाच प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅनमध्ये जेमतेम लिटरभर. खरं, एकट्या तुझं. मी निघायला लागले तर माईंनी कॅनवर हात ठेवला. असा न्यायचा नाही म्हणजे नाही. तळमळ बघवेना, पण थेंबही वाढवू देणार नव्हते. शेवटी त्यांनीच तोड काढली. उरलेल्या शेंगा पिशवीत भरल्या आणि ती पिशवी कॅनच्या कडीला घट्ट बांधली. कॅन हलवून पाहिला. आता खळखळ ऐकू येण्याऐवजी शेंगांची खसखस. "आता ठीक हाय. न्या."

तसाच नेला. डॉक्टरांनी रजिस्टरमध्ये मला लिहायला लावलं: लघवी, चोवीस तास, एक कॅन. शेंगा, अंदाजे एक किलो, सुस्थितीत. ते पान मी निवृत्तीच्या दिवशी मागून पाहिलं, अजून आहे.

आकडा वाईट होता. पण खरा होता. बायोप्सी झाली, तिच्यात लेबलांचे गोळे जाळीभर दिसले आणि प्लंबरांचा राडाही. पण मोडलेल्यापेक्षा वाचवण्यासारखं जास्त होतं. औषधं सुरू झाली. एक गोळी लेबलवाल्याला आवरायला, एक प्लंबरांना घरी बसवायला, आणि ती मलेरियावाली गोळी, जिच्यावरून मेडिकलवाल्याशी तुझं भांडण झालं. तो म्हणे, "तुम्हाला मलेरिया कुठाय?" तू म्हणालीस, "तुम्हाला डिग्री कुठाय?" मला कैलासने सांगितलं. त्या दिवशी मला पक्कं कळलं, तू बरी होणार.

गोळ्यांनी चेहरा सुजून पुरीसारखा झाला, माई म्हणाल्या अंग धरलं. मग उतरला. दर महिन्याला डबी, मग दर तीन महिन्यांनी. मी निवृत्त झाले तरी तुझी डबी माझ्याच घरी यायची, मी लॅबमध्ये न्यायचे, कारण मला दुसऱ्याच्या हातावर भरवसा नाही. फेस कमी झाला. एक दिवस पट्टीचा चौकोन पिवळाच राहिला. पट्टी फेकायची असते, तरी ती मी फेकली नाही.

आणि आता सात महिने काही नाही.

माईंचा फोन आला गेल्या महिन्यात. "बाई, ती सांगत नाय, पन मला दिसतं. डबीतल्या गोळ्या तितक्याच हायेत. मोजल्या म्या. माजं ऐकत नाय, तुमी लिवा." म्हणजे हे लिहिणं दोघींचं कारस्थान आहे, मी एकटी दोषी नाही.

मला कारण कळलं, वैशाली. कुणी तरी फोनवर पाठवलं म्हणे, गोळ्यांनीच किडनी जाते. आणि दुसरं कारण तू कुणाला बोलली नाहीस, पण बायकांना कळतं. तुला बाळ हवंय, आणि तुला भीती आहे की गोळ्या त्याला बाधतील. त्यातलं एक खरं आहे. तुझ्या गोळ्यांमधली एक बाळाला खरंच चालत नाही. पण गं, ती बदलून देतात. बदलतात, सोडत नाहीत. मलेरियावाली तर बहुधा चालूच ठेवतात. ल्युपस सहा महिने तरी शांत आहे हे लघवीत आणि रक्तात दिसलं की डॉक्टर स्वतःच वाट मोकळी करतात. लपवून सोडलंस तर लेबलवाला जागा होईल, आणि तेव्हा जाळी तुझी एकटीची नसेल, त्या बाळाचाही भार तिच्यावर असेल. बरं वाटणं हा रिपोर्ट नाही. मोरी ओरडत नाही, सांगितलं होतं ना?

तेव्हा मी पहिल्यांदा भेटल्यावर गप्प बसले होते. आता नाही बसणार. माई, तुम्ही हे वाचताय ना, इथे थोडं थांबून तिच्याकडे बघा. ओढणीला गाठी मारत असेल.

मग ये. या आठवड्यात ये, पुढच्या नको. कळवणची सकाळची गाडी पकड, कैलासला सुट्टी नसली तर माईंबरोबर ये. सकाळची पहिली लघवी, छोटी डबी, दोन बोटं पुरेत. माईंना डबीपासून लांब ठेव, शेंगा हव्या तर वेगळ्या पिशवीत. लॅबमध्ये आपण दोघी जाऊ, मोठ्या डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवली आहे, बाळाचं तूच बोल, मी शेजारी बसेन. आणि रिकाम्या हाताने परत पाठवेन ही काळजी नको. तो पाच लिटरचा कॅन लॅबने टाकायला काढला होता, मी उकळत्या पाण्याने धुऊन घरी आणला, वरून कापला आणि बाल्कनीत त्यात कढीपत्ता लावला. चांगला कमरेएवढा झालाय. जाताना तोडून देईन, पिशवी भरून. लवकर ये गं, मी दार लोटूनच ठेवते.